नागपूरचा काठ बदलतोय: बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, खापरी परिसराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुन्या नागपुरातल्या महाल भागात वाढले आणि २००६ पासून बेस्याच्या एका लेआउटमध्ये राहते. घरामागे तेव्हा तुरीचं वावर होतं, आता तिथे सात मजली फ्लॅट स्कीम आहे. लेआउटच्या नागरिक समितीचं काम बघते, त्यामुळे नवे रहिवासी, जुने गावकरी आणि प्लॉट बघायला आलेली माणसं मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. काही फार लांबली आहेत, कारण ते प्रश्न मलाही सुखाने झोपू देत नाहीत.

‘जेंट्रिफिकेशन’ म्हणतात ते हेच का?

हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना वापरला. कामगारांच्या मोहल्ल्यात बरी मिळकत असलेली माणसं राहायला आली, घरं सुधारली, किराये वाढले आणि मूळचे लोक निघून गेले, अशी ती गोष्ट. आपल्या शहरात तिच्या जवळ जाणारं उदाहरण हवं तर धरमपेठ-रामदासपेठेतले बंगले पाडून उभ्या राहिलेल्या स्कीम बघा. किंवा एम्प्रेस मिलची जागा बघा. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या त्या मिलच्या भोंग्यावर अर्ध्या शहराचं घड्याळ चालायचं. आज तिथे मॉल आणि निवासी इमारती आहेत.

शहराच्या काठावर मात्र गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. इथे किराया वाढला म्हणून कुणी घर सोडलं, असं फारसं दिसत नाही. आधी सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. मग त्या वावरावर जगणारी, पण सातबाऱ्यावर कधीच नसलेली माणसं एकेक करून दिसेनाशी होतात. पुढची बरीच उत्तरं त्यांच्याबद्दलच आहेत.

हे कधीपासून सुरू झालं?

गावं पोटात घेत वाढायची या शहराची सवय जुनी आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नगर वसवलं तेच बारा खेडी जोडून. पुढे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला. त्याला आपण सगळे नासुप्र म्हणतो. शहराची आखीव वाढ त्याच्या हातून झाली आणि बिनआखीव वाढ त्याच्या डोळ्यांदेखत.

वर्धा रोडकडचा वेग गेल्या वीसेक वर्षांतला. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली आणि मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक आणि उद्योगांच्या प्रकल्पाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही ही गावं त्या नकाशात सापडली. २००८ मध्ये जामठ्याच्या स्टेडियमवर कसोटी सामना झाला, तोवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लेआउटचे बोर्ड लागले होते. हुडकेश्वर आणि नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आले. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो धावली. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रोचा पहिला टप्पा पुरा झाला, त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा भाग खुला झाला आणि मिहानमधलं एम्स राष्ट्राला अर्पण झालं. एका दिवसात तीन मोठ्या गोष्टी झाल्या. त्या आठवड्यात आमच्या समितीच्या फोनवर प्लॉटच्या भावाशिवाय दुसरी चौकशी नव्हती.

नवीन राहायला येतात ती माणसं कोण?

लोकांना वाटतं, सगळे पुण्या-मुंबईहून येतात. आमच्या लेआउटमध्ये मी दारोदार वर्गणीला जाते म्हणून सांगते, बहुतेक माणसं जवळचीच आहेत. महाल-इतवारीच्या वाड्यात तीन भावांची चुलखंडं वेगळी झाली की धाकटा बेलतरोडीला फ्लॅट घेतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात नोकरी करणारे शिक्षक आणि कर्मचारी मुलांच्या शिक्षणासाठी बायकापोरांना इथे ठेवतात आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येतात. आमच्या गल्लीत अशी कितीतरी घरं आहेत, सोमवार ते शनिवार त्यांचा सगळा कारभार एकटी बाई चालवते. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळसा कंपनी आणि वीज केंद्र इथून निवृत्त झालेले आहेत. मिहानमधल्या कंपन्यांत लागलेली तरुण मुलं-मुली आहेत, ती किरायाने राहतात. उत्तर नागपुरात वाढून सरकारी नोकरीत स्थिरावलेली बौद्ध कुटुंबं आहेत. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडचेही बरेच.

आणि ज्यांना कुणी ‘रहिवासी’ म्हणत नाही, ते छत्तीसगड आणि बालाघाटकडचे बांधकाम मजूर. स्कीमच्या पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या रंगापर्यंत ते तिथेच टिनाच्या शेडमध्ये राहतात. आमच्या मागची स्कीम अडीच वर्षं चालली. त्या शेडमधली एक मुलगी चालायला शिकली ती आमच्या अंगणात. इमारतीची पूजा झाली त्याच्या आदल्या दिवशी शेड उचलली.

मग गेलं कोण? गावातल्या लोकांना तर कोट्यवधी मिळाले ना?

ज्यांची जमीन होती, त्यातल्या काहींना मिळाले. पण गाव म्हणजे फक्त जमीनवाले नव्हेत.

२००६ मध्ये मागच्या तुरीच्या वावरात सात-आठ बाया निंदायला यायच्या. मी त्यांना पाणी द्यायची, त्या मला तरोट्याची भाजी कुठे चांगली मिळते ते सांगायच्या. त्यांची मजुरी रोजाची होती, पण त्या वावरातून त्यांना रोजापेक्षा पुष्कळ जास्त मिळत होतं. पीक निघाल्यावर सरवा वेचायचा हक्क होता. चुलीला पऱ्हाटी आणि तुऱ्हाट्या होत्या. धुऱ्यावर बकऱ्या चरत. पावसाळ्यात घोळ, माठ, तरोटा फुकट. वावर विकलं गेलं तेव्हा मालकाला भाव मिळाला, दलालाला दलाली मिळाली, सरकारला मुद्रांक शुल्क मिळालं. सरवा, सरपण, चारा आणि भाजी यांचा हिशेब कुणी केला नाही, कारण तो कधी कागदावर नव्हताच. त्या घरांना पहिल्या वर्षीपासून गॅस विकत घ्यावा लागला, भाजी विकत घ्यावी लागली आणि बकऱ्या विकाव्या लागल्या.

त्यांपैकी तिघी आता आमच्याच लेआउटमध्ये घरकाम करतात. मजुरी पूर्वीपेक्षा बरी मिळते, हेही खरं आहे, त्या स्वतः सांगतात. दोघींची घरं किरायाच्या जागेत होती; त्या उमरेड रोडकडे आणखी लांब गेल्या. बाकीच्यांचा मला पत्ता नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

बटईने शेती करणाऱ्यांचंही असंच झालं. पंधरा-पंधरा वर्षं दुसऱ्याचं वावर कसलं, पण कागद नाही. गवळ्यांचे गोठे तर लेआउट भरला की सगळ्यात आधी तक्रारीत येतात. वासाची तक्रार करणाऱ्यांत आमच्या समितीची सहीसुद्धा होती. तेव्हा मी विरोध केला नाही.

अशा माणसांसाठी कायद्यात काही नाही का?

आहे, पण दार वेगळं आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या शब्दात जमीन नसलेल्यांनाही घेतलं. संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांची मुख्य उपजीविका होती, ते शेतमजूर, कुळं, बटईदार आणि कारागीर त्यात येतात. म्हणजे निंदणाऱ्या बाईचं नुकसान हे नुकसान आहे, हे देशाच्या कायद्याने मान्य केलेलं आहे.

मात्र हे सरकार जमीन घेतं तेव्हा. लेआउट पडतो तो खासगी खरेदी-विक्रीतून. दोन एकर इथे, तीन एकर तिथे, वेगवेगळ्या विक्रीपत्रांनी अख्खं शिवार संपतं आणि एकही माणूस कागदोपत्री बाधित होत नाही. माझ्या मते या सगळ्या बदलातली सगळ्यात मोठी गळती हीच आहे. एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, लेआउट मंजूर करताना रस्ता, मोकळी जागा, नाली मोजते. त्या जमिनीवर किती घरं जगत होती, हा एक रकाना त्या अर्जात का असू नये?

जमीन विकताना बहिणींची सही लागते का? हक्कसोड करून घेतलं तर चालतं का?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा भाऊ विचारतात. बहिणी विचारतात तेव्हा सही आधीच झालेली असते.

हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. त्यामुळे बिल्डरचा वकील बहिणीची सही मागतोच.

हक्कसोड पत्र कायदेशीर आहे, पण ते स्वखुशीचं असायला हवं. इथे होतं काय? बहिणीला रक्षाबंधनाला बोलावतात, साडी नेसवतात आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात. माहेर तुटेल या भीतीने ती अंगठा देते. एकरी कोटीचा व्यवहार आणि बहिणीच्या वाट्याला पैठणी, हे मी तीन घरांत पाहिलं आहे. बहिणींनो, सही करायच्या आधी त्या दिवशीचा रेडी रेकनरचा (सरकारी मूल्यांकनाचा) भाव तेवढा विचारा. भाव विचारला म्हणून माहेर तुटत असेल, तर ते सही केल्यावरही टिकणार नाही.

भावांसाठीही एक माहिती. दहा लाखांवर वस्ती असलेल्या महापालिकेच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली शेतजमीन आयकराच्या दृष्टीने ‘ग्रामीण’ धरली जात नाही, म्हणून विक्रीच्या नफ्यावर कर लागू शकतो. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर अटींवर सूट मिळते. सल्लागाराकडे व्यवहाराच्या आधी जा. पैसा गाडी, लग्न आणि बंगल्यात गेल्यावर येऊन काही उपयोग नाही.

प्लॉट घेताना काय बघायचं? ‘आरएल आहे’ म्हणजे नेमकं काय?

आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. नागपूरच्या काठावर शेताचे परस्पर तुकडे पाडून विकलेले लेआउट इतके झाले, की ५७२ आणि १९०० हे आकडे इथे नुसते आकडे राहिले नाहीत. ती अनधिकृत लेआउटच्या दोन याद्यांची नावंच झाली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे भूखंड शुल्क भरून नियमित करायची वाट काढली. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना ती होती, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली.

आधी सातबारा आणि मौज्याचा खसरा क्रमांक जागेशी जुळतो का ते बघा, मग अकृषक आदेश आणि नासुप्र किंवा एनएमआरडीएने मंजूर केलेला लेआउट नकाशा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटचा नवा लेआउट असेल तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च करून घ्या. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा नकाशा दाखवून ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही ठेवला होता. चार वर्षं शुल्क, चकरा आणि भांडणं झाली, मग पत्र हाती आलं.

आणि पावसाळ्यात बघा प्लॉट. उन्हाळ्यात नाला रस्त्यासारखा दिसतो.

पावसात इकडे पाणी का तुंबतं? पिण्याचं पाणी कुठून?

नागपूरला तीन नद्या आहेत, नाग, पिवळी आणि पोहरा. दक्षिणेकडच्या वस्त्यांचं सांडपाणी पोहरेत जातं. तिला येऊन मिळणारे छोटे नाले शेतं होती तोवर धुऱ्याधुऱ्याने वाहत होते. लेआउट टाकताना त्यांच्यावर भर घातली, कुठे पाइप घातले. पाणी आपली वाट विसरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या सुस्थितीतल्या कॉलन्या बुडाल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे त्याच गोष्टी लहान आकारात दरवर्षी घडतात, फक्त बातमी होत नाही.

पिण्याचं पाणी शहराला पेंच आणि कन्हानहून येतं. हद्दीबाहेरच्या बऱ्याच लेआउटना अजून बोअर आणि टँकर. एका लेआउटमध्ये शेदोनशे बोअर झाल्या की गावठाणातली विहीर आटते. तिथे आता फक्त नवरदेवाच्या पूजेला जातात.

मेट्रो आल्याने भाव आणखी वाढतील का?

स्टेशनच्या पायी अंतरावर वाढलेच आहेत. मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत चारपर्यंत चटई निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतो, म्हणून उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगरकडे जुनी घरं पाडून उंच इमारती येत आहेत. दुसऱ्या टप्प्यात ४३.८ किलोमीटरचा विस्तार आहे: बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे. तिकडे प्लॉटचे बोर्ड आधीच लागले. बेसा-पिपळ्याला स्टेशन नाही. आम्हाला ऑटो करून वर्धा रोडला यावं लागतं. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ ही जाहिरात वाचली की एकदा संध्याकाळी सहाला मनीष नगरातून जाऊन बघा.

लेआउटमध्ये सगळे हिंदीच का बोलतात? मराठी संपतेय का?

हे नवं नाही. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि त्या प्रांताचा कारभार मराठी-हिंदी दोन्हींत होता. भाजीबाजारात हिंदी आणि घरात मराठी हे माझ्या आजीच्या वेळेपासून आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच बोलीची. गावठाणातल्या म्हाताऱ्या बाया बोलतात ती बोली लेआउटमधल्या मराठी घरांतही ‘गावंढळ’ ठरते. आमच्या कामवाल्या मावशींची नात शाळेत ‘वावर’ म्हणाली म्हणून मुलं हसली. हसणारी मुलं मराठीच होती.

घर किरायाने देताना आडनाव विचारतात. हे बरोबर आहे का?

नाही. खासगी मालकाने कुणाला घर द्यावं यावर थेट बंधन घालणारा कायदा दुबळा आहे, आणि त्याच फटीतून हे सगळं चालतं. एका बँकेत काम करणाऱ्या बौद्ध जोडप्याला आमच्या भागात घर मिळायला तीन महिने लागले. मुस्लिम डॉक्टर मुलीला मिळालंच नाही, ती शेवटी जाफरनगरला गेली. दरवेळी कारण मांसाहाराचं सांगितलं गेलं. सावजी रस्सा ज्या शहराची ओळख आहे, त्या शहरात!

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं ते या शहरात घडलं. त्या शहराच्या नव्या वस्त्या आडनावावर विभागल्या जाव्यात, हे मला सहन होत नाही. समितीच्या सूचना फलकावर आम्ही आता एवढंच लिहितो, की किराया, डिपॉझिट आणि कामाचं ठिकाण विचारा. भाडेकरार मात्र नोंदणीकृत करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे.

शाळांचं काय?

सीबीएसईच्या पिवळ्या बसेस वाढल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पट घसरला. गावातल्या मुलांसाठी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा हाच एक पूल आहे. सरकारी शाळा जवळ असली की खासगी शाळेला त्यातून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. अर्जाच्या वेळी समितीत या, फॉर्म आम्ही भरून देतो. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा.

या भागात नेमकी किती माणसं राहतात?

शेवटची गणना २०११ ची. तेव्हा शहर २४ लाख ५ हजारांचं होतं, आणि हद्दीबाहेरची आमची गावं नागपूर ग्रामीणमध्ये मोजली गेली. त्यानंतरची सगळी वाढ कागदावर आलेलीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आपल्या इमारतीतल्या किरायदारांची, चौकीदाराच्या खोलीची आणि शेडमधल्या मजुरांची मोजणी होते की नाही, हे बघणं आपल्या हातात आहे. रेशन दुकान, अंगणवाडी, पाण्याची टाकी सगळं त्या आकड्यावर ठरतं.

पोळा अजून भरतो का?

भरतो. गावठाणात, मारुतीच्या देवळापुढे. २००६ मध्ये मी मोजल्या होत्या त्या बैलजोड्या चाळीसच्या वर. मागच्या पोळ्याला सहा होत्या, त्यातल्या दोन उमरेडकडून आणलेल्या. तान्हा पोळा मात्र लेआउटमध्ये दणक्यात होतो, लाकडी नंदी घेऊन शंभर मुलं येतात. यंदा आम्ही तान्हा पोळ्याची रांग लेआउटच्या गेटपासून गावठाणापर्यंत नेणार आहोत आणि बक्षिसाच्या यादीत गावठाणातली मुलं धरली आहेत. मार्ग ठरवायला रविवारी सकाळी नऊला समितीच्या खोलीत बैठक आहे. निंदायला येणाऱ्या त्या तिघींना मी बोलावलं आहे, कारण नाला बुजवायच्या आधी गावाकडे जाणारी पांदण कुठून होती, हे आता त्यांनाच ठाऊक आहे.